जुहर ते असर : शाळा सुटल्यानंतरच्या वेळेचा इतिहास

शाळांचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला आहे. कोणत्या साली कोणी शाळा काढली, देणगी कोणाची, कोनशिला कोणाच्या हस्ते बसली, हे सारे स्मरणिकांतून सापडते. शाळा सुटल्यानंतरच्या वेळेचा इतिहास मात्र कोणी मन लावून लिहिलेला मला आढळला नाही. मूल शाळेत पाच-साडेपाच तास असते. उरलेला दिवस ते कुठे असते, कोणाबरोबर असते, त्याच्यावर नजर कोणाची असते? मुंबईच्या महापालिका शाळेत सहावी-सातवीच्या वर्गांवर मी आयुष्य घालवले. त्या अनुभवावरून एवढे सांगते की, मूल शाळेतून गळते ते वर्गात बसून नव्हे. ते या उरलेल्या तासांत गळते. मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी थांबते, मुलगा गॅरेजवर पाने-पकडी द्यायला उभा राहतो, आणि एक दिवस हजेरीपटावरच्या त्या नावापुढे लाल शाईची रेघ येते.

मी विक्रोळीच्या पार्कसाईटची. आमचे कुटुंब मूळ खेड तालुक्यातले. अब्बा विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होते. घरात कोकणी, शाळेत मराठी, शेजारी उत्तर प्रदेशची मंडळी असल्याने गल्लीत हिंदी-उर्दू, आणि दुपारी मकतबमध्ये अरबी अक्षरे. सकाळची शाळा साडेबाराला सुटे. घरी येऊन डाळभात खाल्ला की जुहर ते असर मकतब. कायदा संपला, नाजरा सुरू झाला. हाफिजजी कडक होते, पण पावसाळ्यात आमच्या ओल्या चपला आत घेऊन ओळीने लावायला स्वतः वाकत, हेही आठवते.

म्हणून या इतिहासाची सुरुवात मी मकतबपासून करते. ‘शाळेनंतरचे केंद्र’ ही जणू अलीकडे कोणा संस्थेने आणलेली गोष्ट आहे, असे समजून बोलले जाते. आपल्या मोहल्ल्यांत ती पिढ्यान्‌पिढ्या होती. रोज ठरलेल्या वेळी, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, फी नाममात्र किंवा नाहीच, आणि मूल दोन दिवस आले नाही तर घरी निरोप येणार. आज ज्या संस्था असे कार्यक्रम चालवतात त्यांना या चार गोष्टी जमवताना घाम फुटतो. बाहेरच्यांनी मकतब आणि मदरसा यांची नेहमी गल्लत केली. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालाने हा फरक स्पष्ट केला, तो आपल्याही पुष्कळांनी वाचलेला नाही. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी पूर्णवेळ मदरशात जाणारी मुले शेकडा तीन-चारच. मकतब ही मशिदीलगतची, मोहल्ल्यातली सोय आहे. तिथे येणारी मुले इतर वेळी साध्या शाळेतच जातात. म्हणजे ती शाळेची जोडणी आहे, शाळेला पर्याय नाही.

पण मकतबची एक मर्यादा होती आणि ती माझ्या वाट्याला आली. कुरआन-शरीफ एकदा पूर्ण झाले, पेढे वाटले गेले, आणि अम्मा म्हणाली, ‘आता मोठी झालीस. उद्यापासून घरात बस.’ मी तेव्हा सहावीत होते. माझ्यापेक्षा दीड वर्षाने धाकटा भाऊ मकतबमधून सुटला तो थेट मैदानावर गेला. मी सुटले ती स्वयंपाकघरात. याच वयासाठी मुंबईत कोणी काही केले होते का, हा प्रश्न मला पुढे नोकरीत पडला. त्याचे उत्तर शोधता शोधता मी गिरणगावापर्यंत मागे गेले.

तिथे पहिली गोष्ट दिसते ती अशी की, ज्या वयाला आपण आज सहावी-सातवी-आठवी म्हणतो, ते वय शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत गिरणीचे वय होते. १८८१च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली. म्हणजे सात ते बारा वर्षांच्या मुलांना कामावर ठेवता येत होते, तेही दिवसाला नऊ तास! १८९१ साली किमान वय नऊ झाले आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सात तासांची मर्यादा आली. १९२२ साली किमान वय बारा झाले; बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांना सहा तास. ही मुले ‘हाफ टाइमर’ म्हणवली जात. अर्धा दिवस साच्यावर, उरलेला अर्धा रस्त्यावर. मुलांच्या मोकळ्या वेळाचा प्रश्न या शहरात पहिल्यांदा गिरणीच्या भोंग्याने उभा केला, शाळेच्या घंटेने नव्हे. कायदा तास कमी करत गेला आणि मोकळा वेळ वाढत गेला, पण त्या वेळात मुलाने जायचे कुठे, याचे उत्तर कायद्यात नव्हते.

ते उत्तर द्यायचा प्रयत्न सोशल सर्व्हिस लीगने केला. ना. म. जोशी हे लीगचे प्राण. १९११ साली लीग निघाली, अध्यक्ष नारायण चंदावरकर. परळ भागात रात्रशाळा, फिरती वाचनालये, मुलांची मंडळे, असे तिचे काम वाढत गेले. ना. म. जोशींचे नाव आपण कामगार पुढारी म्हणून घेतो. गिरणी कामगाराच्या हातात पुस्तक देण्यासाठी पेट्यांमधून पुस्तके चाळीचाळींत फिरवणारे जोशी कमी लोकांना ठाऊक आहेत. लीगचे काम मुख्यतः मराठी कामगारांत होते. मदनपुऱ्यातला जुलाहा मोमीन विणकर आणि त्याची मुले त्या वाचनालयांपासून दूरच राहिली असावीत, असे मला वाटते. भाषा वेगळी, वस्ती वेगळी.

त्या मदनपुऱ्याच्या शेजारी, नागपाड्यात, पुढे जे घडले त्यावर मात्र थोडे थांबलेच पाहिजे. माझे मामू नागपाड्यात राहत. त्यांच्याकडे ईदला गेले की मामेभाऊ ‘हाऊसवर जातो’ म्हणून पळत. हे ‘हाऊस’ म्हणजे नागपाडा नेबरहूड हाऊस. क्लिफर्ड मॅनशर्ट नावाचे अमेरिकन गृहस्थ १९२५ साली मुंबईत आले. शिकलेले शिकागोचे. अमेरिकन मराठी मिशनने, म्हणजे ज्या मिशनने १८४२ साली ‘ज्ञानोदय’ काढला त्याच मिशनने, त्यांना नागपाड्यात पाठवले. शिकागोत जेन ॲडम्स यांचे हल हाऊस १८८९ पासून चालू होते, त्याआधी १८८४ साली लंडनमध्ये टॉइन्बी हॉल निघाला होता. कल्पना साधी होती : गरिबांच्या वस्तीत सुशिक्षितांनी जाऊन राहायचे, एक घर उघडायचे आणि त्या घराचे दार सर्वांना मोकळे ठेवायचे. मॅनशर्ट यांनी १९२६-२७ च्या सुमारास नागपाड्यात तेच केले.

नागपाडा त्या काळी कसा होता हे लक्षात घेतल्याशिवाय या घराचे मोल कळणार नाही. मुसलमान बहुसंख्य, त्यातही कोकणी, मोमीन, मेमन असे नाना थर. जवळच भायखळ्याला बगदादी यहुद्यांचे सिनेगॉग, मराठी बोलणारे बेने इस्रायल, गोव्याचे ख्रिस्ती, आणि दलित-हिंदू कामगार. एकाच रस्त्यावर पाच धर्मांची मुले आणि खेळायला जागा नाही. नेबरहूड हाऊसमध्ये वाचनालय होते, दवाखाना होता, मुलांची मंडळे होती, व्याख्याने होत. आणि मुख्य म्हणजे मैदान होते. मिशनचे घर म्हटल्यावर मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडली असेलच. पण मॅनशर्ट यांनी धर्मांतराचा हेतू दाराबाहेर ठेवला, आणि मला वाटते, म्हणूनच ते घर मोहल्ल्याने आपले मानले. १९३२च्या मे महिन्यात मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली. त्यानंतर चार वर्षांनी, १९३६ साली मॅनशर्ट यांचे हिंदू-मुस्लिम प्रश्नावरचे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. नागपाड्यात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न ग्रंथालयात बसून सुचलेला नव्हता.

त्याच वर्षी त्याच घरात आणखी एक गोष्ट झाली. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था नागपाडा नेबरहूड हाऊसमध्ये सुरू झाली, मॅनशर्ट तिचे पहिले संचालक. आज जिला आपण टाटा समाजविज्ञान संस्था म्हणतो तीच ही. १९५४ साली ती देवनारला आली. ज्या संस्थेतून देशभर समाजकार्यकर्ते गेले, तिचा पहिला पाळणा मुसलमान मोहल्ल्यातल्या एका घरात हलला, जिथे शाळा सुटलेली मुले घाम पुसत पाणी प्यायला येत. आपल्या समाजाच्या इतिहासात ही नोंद ठळक हवी होती. ती फारशी कुठे दिसत नाही. आपण दुसऱ्याने काढलेल्या घरात नांदतो आणि त्याचा इतिहासही दुसऱ्याने लिहावा अशी वाट पाहतो.

नागपाडा म्हटले की जुन्या लोकांना बास्केटबॉल आठवतो. नेबरहूड हाऊसचे मैदान, मस्तान तलावची वायएमसीए, आणि गल्लीतली उंच, काटक मुले. भारताच्या संघाचे कर्णधारपद भूषवणारे, १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर याच नागपाड्यातले. हे सारे एकट्या त्या घराचे श्रेय म्हणणे चूक ठरेल. वायएमसीएचा वाटा मोठा आहे आणि मोहल्ल्यातल्या थोरल्या खेळाडूंचा त्याहून मोठा. पण एका वस्तीत एक मैदान आणि एक दार पन्नास वर्षे रोज संध्याकाळी उघडत राहिले तर काय होते, याचा हा पुरावा आहे. माझ्या मामूंच्या दोन्ही मुलांपैकी कोणी देशासाठी खेळले नाही. दोघे रेल्वेत लागले, ते खेळाच्या जोरावर. त्यांच्या बहिणीला मात्र ‘हाऊस’ आतून कसे आहे हे मी विचारले तेव्हा तिला सांगता आले नाही. ती समोरच्या इमारतीत वाढली होती.

स्वातंत्र्याच्या चळवळीने वेगळे दार उघडले. ४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दलाची पुनर्रचना झाली, एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. सेवा दलाची शाखा म्हणजे संध्याकाळचा तास-दीड तास : खेळ, गाणी, गोष्ट, आणि शेवटी थोडे बौद्धिक. कोणत्याही जातीधर्माची मुले एका रांगेत, आणि मुलीही. मुलींनी मैदानावर येणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई किशोरवयातच सेवा दलाकडे ओढले गेले. त्यांच्या पुढच्या मतांशी कोणी सहमत असो वा नसो, मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाची एक पिढी घडण्यात संध्याकाळच्या त्या मैदानाचा हात आहे, हे मान्य करावे लागेल. सेवा दलाच्या मुलांचे लाडके साने गुरुजी यांनी ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक लिहिले. हजरत पैगंबरांचे चरित्र इतक्या मायेने मराठीत सांगणारा हा माणूस मुळात मुलांना गोष्टी सांगणारा होता. ११ जून १९५० रोजी गुरुजी गेले, आणि प्रकाशभाई मोहाडीकरांनी त्यांच्या नावाने कथामाला सुरू केली : शाळेत, चाळीत, वाडीवस्तीत मुलांना जमवायचे आणि गोष्ट सांगायची. खर्च काही नाही. हवा तो एक सांगणारा.

मला नेहमी वाटत आले आहे की, मकतब आणि शाखा या दोन्हींची रीत एकच होती. रोज, जवळ, फुकट, आणि ओळखीचा माणूस. फरक एवढाच की, एकीकडे मुलाला आपले कोण ते कळे आणि दुसरीकडे आपल्याखेरीज कोण आहेत ते. मुलाला दोन्ही लागतात.

आता विक्रोळी. पिरोजशा गोदरेज यांनी १९४३ साली इथे जमीन घेतली तेव्हा खाडीचे खारफुटीचे रान आणि गवत होते. स्वातंत्र्यानंतर इथे कारखाने आले. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखो मतपेट्या विक्रोळीत बनल्या, हे आमच्या उपनगराचे भूषण. १९५५ साली कंपनीने आपल्या कामगारांच्या मुलांसाठी उदयाचल शाळा काढली. पुढे रुळांच्या पूर्वेला गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती उठल्या : टागोरनगर, आणि १९६३ साली मुख्यमंत्रिपदी असतानाच वारलेल्या मारोतराव कन्नमवारांच्या नावाचे कन्नमवारनगर. तिथे चाळीसारख्या इमारती, मधे मोकळी पटांगणे. पटांगणे असल्यामुळे कबड्डी आली, व्यायामशाळा आल्या, गणेशोत्सव मंडळांची वाचनालये आली, पुढे अभ्यासिका आल्या. पश्चिमेला आम्ही, पार्कसाईटचे, डोंगराच्या उतारावर. नावात पार्क आहे, पण मुलांना खेळायला सपाट जागा म्हणजे पाण्याच्या टाकीजवळचा तुकडा. जिथे सपाट जागा नाही तिथे संध्याकाळचा इतिहास घडत नाही, असा माझा साधा सिद्धान्त आहे. कोणा इतिहासकाराने तो तपासावा.

गंमत पाहा. समाजकार्य शिकवणारी टाटा संस्था देवनारला आली, म्हणजे आमच्यापासून काही किलोमीटरांवर. पण नागपाड्यातले घर तिच्यामागे आले नाही. उपनगरे वाढली ती कारखाना, स्टेशन आणि झोपडी या तीन गोष्टींवर. शहराने गिरणगावात आणि नागपाड्यात कमावलेली शहाणीव उपनगरांत कोणी आणून रुजवली नाही. जे उभे राहिले ते लोकांनी आपापल्या ऐपतीने, आपापल्या जमातीपुरते उभे केले : कुठे बुद्धविहारात दिवा लावून अभ्यास करणारी मुले, कुठे मंडळाच्या कार्यालयात, कुठे मशिदीच्या माळ्यावर. प्रत्येकाची संध्याकाळ वेगळी झाली. १९९२च्या डिसेंबरात आणि ९३च्या जानेवारीत मुंबई पेटली तेव्हा माझ्या वर्गातली मुले एकमेकांना शाळेत ओळखत होती. शाळेबाहेर ती कधी भेटलेलीच नव्हती.

दंगलीनंतर काही चांगली माणसे कामाला लागली. पोलीस आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने १९९४ साली मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. पोलीस आणि मोहल्ल्यातली पोरे यांचे क्रिकेट सामने झाले. भिवंडीत सुरेश खोपडे यांनी त्याआधीच हा प्रयोग केला होता. १९९५ साली ‘प्रथम’ निघाली. माधव चव्हाणांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. तितक्याच अधिकाराने घ्यावे असे नाव फरीदा लांबे यांचे. निर्मला निकेतनमध्ये समाजकार्य शिकवणाऱ्या लांबेबाईंनी महापालिकेच्या शाळा आतून पाहिल्या होत्या. ‘प्रथम’ने वस्तीतल्याच मुलींना ‘बालसखी’ नेमले. तिसरी-चौथीत मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास वेगळी बसवायची आणि वाचन-गणिताची पायाभरणी करायची. मुंबई आणि वडोदऱ्यात २००१ ते २००३ या काळात या कामाची काटेकोर तपासणी झाली. ती करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ साली नोबेल मिळाले. निष्कर्ष असा निघाला की, दहावी-बारावी झालेल्या, थोडेसेच प्रशिक्षण मिळालेल्या वस्तीतल्या मुलीमुळे सर्वांत मागची मुले सर्वांत जास्त पुढे येतात. त्यासाठी मोठ्या पगाराचा तज्ज्ञ लागत नाही.

दुसरा प्रयोग कुलाब्यातला. शाहीन मिस्त्री या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने १९९१ साली ‘आकांक्षा’ सुरू केली. तिची कल्पना मला फार आवडली, कारण ती एका साध्या निरीक्षणावर उभी होती : शाळेच्या इमारती दुपारनंतर रिकाम्या असतात. होली नेम शाळेच्या रिकाम्या वर्गात पंधरा मुलांनिशी काम सुरू झाले, शिकवायला कॉलेजची मुले. जागा नाही, जागा नाही असे आपण म्हणतो. जागा असते. कुलूप असते.

पण या साऱ्यांत माझ्या सहावी-सातवीचे काय? बालवाडी झाली, तिसरी-चौथी झाली. दहावीच्या मुलांसाठी जमातीचे क्लास आणि बक्षीस समारंभ होतात, नोटा-वह्यांची पाकिटे वाटली जातात, फोटो छापून येतात. मधले वय कोणाचेच नाही. आणि मुंबईत नेमका तिथेच खड्डा होता. महापालिकेच्या बहुतेक प्राथमिक शाळा सातवीपर्यंतच. आठवीसाठी मुलाला दुसरी शाळा शोधावी लागे, दाखला काढावा लागे, प्रवेशासाठी खेटे घालावे लागत. उर्दू माध्यमाच्या मुलांना तर माध्यमिक शाळा दूरच्या स्टेशनावर मिळे. मुलाला लोकलने पाठवत, मुलीला नाही. सहा ते चौदा वयातली पाव मुस्लिम मुले एकतर शाळेत गेलेलीच नाहीत किंवा गळाली आहेत, हा सच्चर अहवालातला आकडा वाचून अनेकांना धक्का बसला. दरवर्षी जूनमध्ये आठवीच्या दाखल्यांच्या सह्या घेणाऱ्या आम्हा शिक्षकांना तो बसला नाही. शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि आठवीपर्यंतचे शिक्षण एक सलग टप्पा मानले गेले. कागदावरची भेग बुजली. मुलीच्या दुपारची बुजली नव्हती.

ती बुजवण्याचा माझ्या माहितीतला सर्वांत धीट प्रयत्न मुंब्र्याचा. ९२-९३च्या दंगलीनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबे मुंब्र्याला गेली, आमच्या गल्लीतलीही. तिथे २०१२ साली ‘परचम’ संस्थेच्या सबा खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलींचा फुटबॉल सुरू केला. मुस्लिम मुली आणि हिंदू मुली एका संघात. मैदान मुलांच्या ताब्यात होते, म्हणून मुलींसाठी वेळ राखून द्या अशी मागणी त्यांनी सह्या गोळा करून लोकप्रतिनिधींपुढे ठेवली. कोणी हिजाब घालून खेळे, कोणी तसेच. मला त्यात फुटबॉलपेक्षा सह्यांचा कागद महत्त्वाचा वाटतो. नागपाड्यात मुलांना मैदान मिळाले तेव्हा ते कोणी परक्याने दिले होते. इथे मुलींनी मागून घेतले, आणि मधे ऐंशी-नव्वद वर्षे गेली.

मी निवृत्त झाल्यावर आमच्या जमातीच्या विश्वस्तांना अर्ज दिला. जमातखान्याचा वरचा हॉल लग्नसराई सोडली तर दुपारी तीन ते पाच बंद असतो. तो सहावी ते आठवीच्या मुलींना अभ्यासाला द्यावा, एवढीच विनंती. सव्वा वर्ष गेले. पहिल्या बैठकीत वीजबिलाचा प्रश्न निघाला. दुसऱ्या बैठकीत, मुली जिन्यावर उभ्या राहतील, असा. तिसऱ्या बैठकीत एक बुजुर्ग, जे आधी सर्वांत जास्त विरोधात होते, ते म्हणाले, ‘पंखे दोनच लावा, आणि दार आतून बंद नको.’ त्यांची नात सातवीत आहे, हे मला नंतर कळले.

कोविडमध्ये दोन वर्षे हॉलला टाळे होते. उघडला तेव्हा पहिल्या दिवशी नऊ मुली आल्या. सहा उर्दू शाळेच्या, तीन मराठी शाळेच्या. गणित कोणत्या पुस्तकातून घ्यायचे यावरच अर्धा तास गेला. शेवटी दोन्ही पुस्तके सतरंजीवर शेजारी शेजारी उघडून ठेवली. दोन्ही बालभारतीचीच, आकृत्या त्याच. मराठी शाळेतली एक मुलगी प्रमेय वाचू लागली आणि उर्दू शाळेतली तिला थांबवून विचारू लागली, ‘कर्ण म्हणजे काय?’ तिच्या शेजारणीने आपल्या पुस्तकातल्या त्रिकोणावर बोट ठेवले आणि ‘वतर’ असे म्हणून ती तिरपी रेघ दाखवली. बाहेर असरची अजान झाली. कोणी उठले नाही. उदाहरण अर्धे राहिले होते.